काठावरचा नूरमोहम्मद

नूरमोहम्मदचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. नाशिककडचे ट्रक मोखाड्याचा घाट ओलांडून त्या सुमाराला जव्हारच्या नाक्यावर पोचायचे आणि एखाद्याचा तरी टायर बसलेला असायचा. क्लीनर दुकानाच्या फळ्यांवर हात मारायचा. दुसरी थाप पडायच्या आत नूरमोहम्मद बाहेर. दुकानाच्या मागच्या खोलीतच त्याचा संसार होता. बायको मदीना म्हणायची, "ये आदमी सोता नहीं, सिर्फ लेटता है."

मी रस्त्यावरचा मैलकामगार. खड्डे बुजवायचे, गटारं उपसायची, पावसाळ्यात पडलेली दरड उचलायची. आमच्या टोळीची फावडी-घमेली त्याच्या दुकानात ठेवलेली असत. त्यामुळे सकाळी पहिलं तोंड त्याचं दिसायचं. मी घण चालवलेला माणूस आहे. दुसरा घण कसा उचलतो ते मी आधी बघतो. ट्रकच्या चाकाची रिंग सोडवायला घण लागतो, आणि ठोका चुकला तर रिंग उडून माणसाचं तोंड फोडते. नूरमोहम्मद घण कमरेतून आणायचा. हात फक्त वाट दाखवायचे. ठोका वाया जायचा नाही.

एकच खोड होती. त्याला बसता येत नसे. पंक्चर जोडून झालं की ट्यूब पुन्हा पाण्याच्या टपात बुडवायचा, बुडबुडा येतो का बघायचा. आला नाही तरी पुन्हा बुडवायचा. ड्रायव्हर वैतागायचे. "अरे चाचा, अंडं उकडतोयस का?" तो ऐकायचा नाही. चहा उभ्यानेच प्यायचा. जेवताना मधेच उठून रस्त्यावर नजर टाकून यायचा.

ट्यूबा भाड्याने द्यायचं त्याने स्वतःहून काढलं नाही. पंच्याण्णव-शहाण्णवचा उन्हाळा असेल. शिंपीकाम करणारा अम्मार, विशीतला, सदा टवाळ, तलावावर पोहायला निघाला होता. तो ट्रकची एक जुनी ट्यूब मागून घेऊन गेला. पुढच्या रविवारी त्याचे दोस्त आले. मग बाजारपेठेतली माणसं आली, कचेरीतली आली, बायकामुलं आली. जव्हारची माणसं बाहेर फिरायला जाणार म्हणजे कुठे जाणार? पावसात धबधब्यावर. कार्तिकात आवळ्याखाली जेवायला. उन्हाळ्यात तलाव. डहाणूला समुद्र आहे, पण गाडी ठरवावी लागते आणि सगळा दिवस जातो. तलाव जामसरच्या रस्त्याला, चालत गेलं तरी अंग घामेजायच्या आत येतो.

तो पाझर तलाव. दुष्काळी कामात मीही त्याच्या बांधावर माती टाकली आहे. बांधाची माती मधूनच काढली होती, म्हणून मधे मोठा खड्डा राहिला. खाली झरा लागला. भर उन्हाळ्यातही खड्डा भरलेला असतो. काठाला पाणी गुडघ्याएवढं, मग कमरेएवढं, आणि मग एकदम पाय सुटतात.

नूरमोहम्मदने ट्यूबांना वेगळं रूप दिलं. हवा भरायची नळी अंगाला ओरबाडते, म्हणून तिच्यावर जुन्या रबराची पट्टी गुंडाळली. शनिवारी एकेक ट्यूब टपात बुडवून बघायची. रविवारी हातपंपाने हवा भरायची. ट्रकची ट्यूब हातपंपाने भरणं म्हणजे काय, ते ज्याने केलं त्यालाच ठाऊक. पहिली भरेपर्यंत बनियन भिजायचं. मग सगळ्या दोरीत ओवून, पाठीवर टाकून तो तलावाची वाट धरायचा. लांबून बघितलं तर काळ्या चकत्यांची माळ चालल्यासारखी दिसायची.

दोन वर्षं असं चाललं. त्याला पोहता येत नव्हतं, पण त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. त्यालाही नव्हतं.

मग एका बासी ईदला, म्हणजे ईदच्या दुसऱ्या दिवशी, मोहल्ल्याने टेम्पो ठरवला आणि सगळे डहाणूच्या किनाऱ्यावर गेले, मीही. त्या दिवशी घरी कुणी राहत नाही, बाहेर जाऊन खायचं हा रिवाजच आहे. ट्यूबाही गेल्या. दुपारनंतर ओहोटी लागली. एका बाईच्या हातून ट्यूब सुटली आणि आत जायला लागली. ट्यूबमध्ये कुणी नव्हतं. बाई कोरडी उभी राहून हसत होती. पण नूरमोहम्मदने ती ट्यूब लहान होत होत ठिपका होताना बघितली. टेम्पो निघेपर्यंत तो किनाऱ्यावर इकडून तिकडे चालत राहिला. जव्हारला उतरल्यावर मला म्हणाला, "जिवाभाऊ, उसमें कोई होता तो? मी काय केलं असतं?"

"ओरडला असतास," मी म्हणालो.

"ओरडून माणूस बाहेर येतो का?"

तिथून त्याची तगमग सुरू झाली.

रविवारी तो काठावर फेऱ्या मारायला लागला. बाभळीच्या झाडापासून बांधापर्यंत, बांधापासून बाभळीपर्यंत. तिथलं गवत मेलं, पायवाट पडली. डोकी मोजायचा. मोठ्याने मोजायचा. कुणी बुडी मारली की आकडा चुकायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. ट्यूबांना दोऱ्या बांधून बघितल्या. दोऱ्या एकमेकींत गुंतल्या, पोरांनी सोडून टाकल्या. पाण्यात बाभळीच्या रेषेपुढे जायचं नाही असं बजावलं. माणूस पाण्यात उतरला की बाभूळ कुठली आणि पिंपळ कुठला!

मदीनाभाभी चिडायची. "पानी तुम्हारा नहीं, तलाव तुम्हारा नहीं. मग डर तुमचाच कसा?"

"ट्यूब माझी आहे."

"मग देऊ नका."

"नाही दिली तर बिनाट्यूबचे जातील."

"तो फिर तैरना सीखो! नाहीतर गप बसा. दोन्ही नाही जमत तर मला तरी झोपू द्या."

हे त्याला पटलं. पण शिकवणार कोण? मोहल्ल्यातली पोरं पोहायची, पण पोरांसमोर गटांगळ्या खायची त्याला लाज. मला येत नाही. मी मातीतला माणूस, आमच्या गावाला पाणी विहिरीत, तेही तळाला. शेवटी मीच त्याला पुतळीचं नाव सांगितलं.

पुतळी नदीकाठच्या पाड्यावरची कातकरीण. चाळिशीच्या आतली. नवरा लाडक्या. दगडाखालच्या चिंबोऱ्या हाताने काढायची, डोहात बुडी मारून अडकलेलं जाळं सोडवून आणायची. पावसाळा आणि त्यानंतरचे थोडे दिवस पाड्यावर, दिवाळी झाली की दोघं वीटभट्टीवर. उन्हाळा संपता संपता परत.

"बाईकडून शिकू?" नूरमोहम्मद म्हणाला.

"पाण्याला कळत नाही कोण बाई नि कोण बुवा."

"लोकांना कळतं ना." तरी तो आला. अट एकच, मी काठावर बसून राहायचं. सत्त्याण्णवच्या पावसाळ्यानंतर, नदीचं पाणी निवळल्यावर, आम्ही दोघं पाड्याखालच्या डोहावर गेलो.

पुतळीने त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "हा आठं काठावर कशाला बसवलायस?" तिने माझ्याकडे बोट दाखवलं.

"लोक बोलतील म्हणून," नूरमोहम्मद म्हणाला.

"तुला बोलतील म्हणून ना? मला बोलतील त्याचं नाय विचारलंस." आणि ती हसली. "चल, ऊतर. बनियन काढ."

"बनियन राहू दे."

"ऱ्हाव दे. बुडताना थंडी नाय वाजायची."

डोह अरुंद होता. अलीकडे एक खडक, पलीकडे एक खडक, मधे हिरवं पाणी. पहिल्या दिवशी तो पाण्याशी मारामारी करत होता. घण चालवणारे हात, पण तिथे त्यांना काही धरायला नव्हतं. जेवढा जोर लावावा तेवढा खाली जायचा. मला ते बघवत नव्हतं. एवढी ताकद वाया जाताना मी कुणाची बघितली नव्हती.

"शेठ, पाणी काय टायर हाय का?" पुतळी ओरडायची. "मारूं नको त्याला! हवा भरणारा माणूस ना तू? मग भर की छातीत. भर आणि पड."

हे त्याला कळलं. छाती भरून तो पाण्यावर पडला आणि तरंगला. तोंडावर जो आनंद आला तो लपवायला त्याने लगेच पाण्यात तोंड घातलं, आणि नाकात पाणी गेलं.

रोज पहाटेचे ट्रक आटोपले की आम्ही जायचो. मी माझ्या कामाची वेळ होईपर्यंत बसायचो. हळूहळू तो या खडकावरून त्या खडकावर पोचायला लागला. पोचला की खडकाला मिठी मारायची, दम घ्यायचा, मग परत या खडकावर. पुतळीने पैसे घेतले नाहीत. जुन्या ट्यूबच्या पट्ट्या मागितल्या. लाकडाची मोळी बांधायला, कुडाचा बांबू आवळायला रबरी पट्टीसारखं काही नाही.

दिवाळीनंतर भट्टीचा ट्रक आला. जायच्या आदल्या दिवशी पुतळी त्याला म्हणाली, "अर्धा झालास. उरलेला मी आल्यावर."

"अर्धा कसा? या टोकाहून त्या टोकाला जातो की!"

"जातोस. मधून वळून येतां नाय येत तुला. खडक लागतो." ती माझ्याकडे वळली. "ह्याला मधे नको जाऊ देऊं."

नूरमोहम्मदने मान हलवली. पण घरी परतताना त्याची चाल बदललेली होती. त्याने मदीनाभाभीला सांगितलं, "आ गया तैरना." ती म्हणाली, "आता झोपा मग." त्या रात्री तो झोपला, असं तीच सांगत होती.

अठ्ठ्याण्णव साली बकरी ईद एप्रिलमध्ये आली. बासी ईदला मोहल्ला तलावावर लोटला. कुणी जीपने, कुणी पायी. तीन दगडांच्या चुली पेटल्या. कुर्बानीचं मटण मसाला लावून डब्यांतून आणलेलं, ते सळयांवर चढलं. धूर, वास, पोरांचा कालवा. बाजारपेठेतली हिंदू कुटुंबंही होती, त्यांची आंब्याखाली वेगळी पंगत. मलाही बोलावणं होतं. मी भाकरी घेऊन गेलो.

झाडून सगळ्या ट्यूबा पाण्यात होत्या. नूरमोहम्मद काठावर त्याच्या पायवाटेवर. मदीनाभाभी ताटली घेऊन त्याच्या मागे.

"दो निवाले तो खाओ."

"पकड. एक कम है."

"कौन कम है?"

"मोजू दे."

त्याने पुन्हा मोजलं. मग त्याची नजर मधे गेली. मीही बघितलं. खड्ड्याच्या वर, बाभळीच्या कितीतरी पुढे, एक ट्यूब रिकामी तरंगत होती. वाऱ्याने सावकाश गोल फिरत होती.

"किसकी है वो? कोण होतं तिच्यावर?"

कुणीतरी म्हणालं, "अम्मार. आत्ताच होता."

"अम्मार!" त्याने हाक मारली. उत्तर नाही. "अम्मार!"

चपला पायात तशाच ठेवून तो पाण्यात शिरला. पाय सुटले तिथे छाती भरली आणि हात मारायला लागला. मी उभा राहिलो. हात बरोबर पडत होते. पुतळीने शिकवले तसे, एकही फुकट नाही. तो ट्यूबपाशी पोचला. एक हात ट्यूबवर टाकला आणि डोकं पाण्याखाली घातलं. वर आला. पुन्हा खाली गेला, या वेळी जास्त वेळ. पायांनी तो खालचं पाणी चाचपत होता. काठावरच्या चुलींजवळचा आवाज बंद झाला.

तेवढ्यात पलीकडच्या काठाने एका आंब्यामागून अम्मार आला. सदऱ्याच्या ओटीत कैऱ्या. एक खात होता. त्याने मधे नूरमोहम्मदला बघितलं आणि दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडला, "नूरचाचा! ट्यूब भाड्याची आहे बरं का! टाइम संपला की उतरा!"

काठावर हशा फुटला. भीती पडल्यावर माणसं जास्तच हसतात. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. कुणी म्हणालं, "चाचा, किराया दुगना!" चुलींवर पुन्हा सळया फिरल्या.

नूरमोहम्मद हसला नाही. हललाही नाही. दोन्ही हात ट्यूबवर, हनुवटी रबराला टेकलेली. ट्यूब त्याला घेऊन गोल फिरत होती. तोंड आमच्याकडे आलं की तो काठ बघायचा, पाठ झाली की डोंगर.

मदीनाभाभीच्या हातात ताटली तशीच होती. ती माझ्याजवळ आली. "जिवाभाऊ, ये वापस क्यूँ नहीं आ रहे?"

"येता येत नाही त्याला," मी म्हणालो. "तिथे खडक नाही."

तिला कळलं नाही, पण ताटली खाली पडली. मी अम्मारला आवाज दिला. "अरे, कैऱ्या टाक! आण त्याला!"

अम्मार टवाळ, पण माझ्या आवाजाने त्याच्या ओटीतल्या कैऱ्या गळल्या. उडी मारून तो मधे गेला आणि ट्यूब ढकलत नूरमोहम्मदला काठाला आणलं. नूरमोहम्मद उभा राहिला, पाण्यातून चालत आला. एक चप्पल गेली होती.

"चाचा, मजाक था," अम्मार म्हणाला. "मी तर पलीकडे उतरलो होतो. ट्यूब वाऱ्याने गेली."

"मैं पहुँच गया था, अम्मार." नूरमोहम्मदचे दात वाजत होते, एप्रिलच्या दुपारी. "पोचलो होतो. तू खाली असतास तर तुला धरून मी कुठे जाणार होतो? दोघं राहिलो असतो."

अम्मारने मान खाली घातली.

मग नूरमोहम्मदने एकेक ट्यूब काठावर ओढली आणि वाल्वच्या पिना काढल्या. सगळ्यांच्या. फुस्स करून हवा निघत होती आणि तो वर उभा राहून ऐकत होता. पोरं रडायला लागली. एक बाप पुढे आला, "नूरभाई, ईद का दिन है, ऐसा मत करो." तो म्हणाला, "भाडं परत देतो." चपट्या झालेल्या ट्यूबा घडी घालून त्याने पाठीवर घेतल्या आणि एका चपलेने जव्हारकडे चालायला लागला. मी मागून भाकरीचं फडकं घेऊन.

वाटेत मी म्हणालो, "चप्पल काढ तरी. लंगडतोयस." त्याने ती काढून हातात घेतली. फेकली नाही.

त्यानंतर कुणी मागायला आलं की तो सांगायचा, ट्यूबा ट्रकांना लागल्या. मला वाटलं, सुटला. पण पुढच्याच रविवारी ट्यूबांशिवाय तो तलावाकडे निघालेला दिसला. मी विचारलं, कुठे? म्हणाला, "बघून येतो."

काय बघायचं होतं ते मला तिथे गेल्यावर दिसलं. लोक आलेच होते. त्यांनी तेलाचे रिकामे प्लास्टिकचे डबे दोरीने पोटाला बांधले होते. एका पोराच्या डब्याला झाकणच नव्हतं. नूरमोहम्मद पुन्हा त्याच पायवाटेवर. आता भाडं नाही, ट्यूब त्याची नाही, तरी मोजणी तीच. "ट्यूब तरी मी तपासलेली असायची," तो म्हणाला. "ये डिब्बे का क्या भरोसा?"

बंद करून त्याची भीती कमी झाली नव्हती. उलट तिला धरायला काही उरलं नव्हतं.

पुतळी उन्हाळ्याच्या शेवटी परत आली, तेव्हा नदी अजून आटलेली होती. मग पाऊस लागला आणि नदीला लाल पाणी आलं. शिकणं राहिलं. नूरमोहम्मदने तो पावसाळा कामात काढला. घाटात माल भरलेला ट्रक बसला की क्लीनर एसटीने नाक्यावर यायचा, आणि हा सामान घेऊन त्याच्याबरोबर परत घाटात. चिखलात जॅक बसत नाही. खाली दगड लावावा लागतो, दगड सरकतो, पुन्हा लावावा लागतो. डोक्यावर प्लास्टिक, पायाखाली वाहतं पाणी. दरड उचलताना मला तो रस्त्याकडेला दिसायचा. इतर वर्षी अशी घाटातली कामं तो एखाद-दुसरीच घ्यायचा. त्या वर्षी एकही सोडली नाही.

भाद्रपदात, गणपती उठले त्या सुमाराला, तो मला म्हणाला, "पाड्यावर चल. मुकादम यायच्या आत."

भट्टीचा मुकादम पावसाळ्यात येतो. तेव्हा घरात दाणा नसतो, नागली अजून शेतात उभी असते. तो उचल देऊन जातो. उचल घेतली की दिवाळीनंतर जायचंच.

पुतळी दारात बसून जाळ्याची भोकं विणत होती. लाडक्या आत पडला होता. नूरमोहम्मद उभ्यानेच बोलला. "पुतळीबाय, उचल आणलीय."

"तू?" तिने जाळं खाली ठेवलं. "कसली भट्टी टाकलीस, शेठ?"

"भट्टी नाही. तलावावर बसायचं. दर रविवारी, सुट्टीला, सणाला. कुणी बुडत असेल तर काढायचं."

"आणि नाय बुडला कोण?"

"तरी बसायचं."

आतून लाडक्या हसला. "ऐकलंस का गं? बसायची उचल!"

पुतळी हसली नाही. तिने नोटा हातात घेतल्या नाहीत, नुसत्या बघितल्या. "ही एकटीची हाय," ती म्हणाली. "भट्टीवर जोडी लागते, शेठ. एक चिखल तुडवतो, एक थापतो. मी नाय गेली तर ह्याला एकट्याला कोण घेईल? ह्याने काय खायाचं?"

हे नूरमोहम्मदच्या ध्यानातच आलं नव्हतं. शहरातल्या माणसाला एक माणूस म्हणजे एक मजुरी. त्याने माझ्याकडे बघितलं. मी तरी काय सांगणार? मला ते ठाऊक होतं, पण त्याने मला उचलीचं आधी विचारलंच नव्हतं.

लाडक्या दारात आला. "मी काय करूं? तळ्यात विटा थापूं?"

"मुकादम कधी येतो?" नूरमोहम्मदने विचारलं.

"नागली कापायच्या टायमाला येल."

"तोवर घेऊ नका. मी बाकीचे आणतो."

परत येताना मी म्हणालो, "नूरभाई, एवढं करण्यापेक्षा अम्मारला सांग बसायला. पोहतो तो."

"अम्मार कैऱ्या खायला जातो," तो म्हणाला.

मग घाटातली कामं, दिवसाची आणि पहाटेची. ट्रॅक्टरची, टँकरची, खोडाळ्याच्या बाजाराला जाणाऱ्या जीपांची. हाताच्या तळव्याला चीर पडली, ती रबराच्या सोल्युशनने भरायचा. मदीनाभाभी बोलायची बंद झाली होती. एकदा फक्त मला म्हणाली, "पहले पानी से डरते थे. अब मुकादम से डरते हैं." पण तिने स्वतः शिवणकाम करून साठवलेलं थोडं त्यात घातलं. हे तिने मला सांगितलं नाही, त्याने सांगितलं.

नागली कापायला आली तेव्हा आम्ही पुन्हा पाड्यावर गेलो. मुकादम आदल्याच दिवशी येऊन गेला होता. शेजारच्या घरांनी उचल घेतली होती.

"तुम्ही?" नूरमोहम्मदने विचारलं.

"नाय घेतली," लाडक्या म्हणाला. "ही म्हणते, शेठचं बघूं. मुकादमाने विचारलं, कोणाच्या भट्टीवर? मी बोललो, पाण्याच्या. तो मला दारू प्यायलाय म्हणाला."

पुतळीने या वेळी पैसे घेतले. पदरात बांधले. मग म्हणाली, "आणि तुझा अर्धा?"

"कसला अर्धा?"

"वळायचं. तलावावर बसायची तर रोज बघूं का तुला काठावर फिरताना? आधी तुला वळवते."

दिवाळी झाली. भट्ट्यांचे ट्रक पाड्यापाड्यांवरून माणसं, भांडी, कोंबड्या भरून खाली उतरले. रविवारी नूरमोहम्मद ट्यूबा घेऊन तलावावर आला. आता हातपंप लाडक्या मारायचा, आणि मारताना शिव्या द्यायचा, की यापेक्षा वीट थापणं बरं. पुतळी बांधावर बसायची. पाय पाण्याकडे, दातांना मिसरी, नजर पाण्यावर. ती मोजत नसे. नुसती बघायची. नूरमोहम्मद तिच्या मागे फेऱ्या मारायचा, तशाच.

"शेठ, बस की!" ती मान न वळवता म्हणायची. "तुझ्या पायांच्या आवाजाने मला पाणी नाय ऐकूं येत."

तो बसायचा. थोड्या वेळाने उठायचा.

गर्दी गेली की ती त्याला तलावात उतरवायची. मधे जाऊन, कशालाही न धरता वळायचं. पहिल्या वेळी त्याने तिचा खांदा धरला आणि तिने त्याला तिथेच सोडून दिलं. तो वळला. कसा ते त्यालाही कळलं नाही. थंडी संपेपर्यंत तो मधून परत यायला लागला होता. पण पुतळी बांधावरून उठली नाही, आणि त्यानेही तिला ऊठ म्हटलं नाही. कुणी बुडालं नाही. डबे बांधून पोहणाऱ्या पोरालाही पुतळी एक हाक मारायची आणि तो बाहेर यायचा.

गावात अजून बोलतात की नूरमोहम्मदने ट्यूबांवर कमावलं. खोटं आहे. भाडं लाडक्याच्या चहालाही पुरत नव्हतं. जे गेलं ते घाटातल्या चिखलाचं, घणाचं, पहाटे चारच्या थापेचं. त्या मजुरीतून त्याला काय मिळालं, ते मी माघात पाड्यावर जाऊन बघितलं. सगळ्या घरांच्या दारांना काट्या लावलेल्या होत्या. माणसं भट्टीवर गेली की जनावर शिरू नये म्हणून लावतात. पुतळीच्या दाराला काटी नव्हती. आत चूल पेटलेली होती आणि लाडक्या ओरडत होता, की मीठ कुठे ठेवलंस.